थंडीत गाडीवरून भीमा कोरेगावला जाताना

डिसेंबर लागला की वस्तीत 1 जानेवारीचं बोलणं सुरू होतं. 1927 साली याच तारखेला बाबासाहेब विजयस्तंभाला मानवंदना द्यायला आले होते. आम्ही छत्रपती संभाजीनगरची मित्रमंडळी दरवर्षी मोटारसायकलींवर जातो. सुरुवात केली तेव्हा बहुतेक तिशीत होतो. आता पन्नाशी-साठीकडे झुकलोय. गाड्या बदलल्या, खिशात गोळ्या आल्या, पण निघायची वेळ तीच राहिली : पहाटे तीन.

मागच्या खेपेला नेवासा फाट्याजवळ आमच्यातल्या एका दादांची गाडी रस्त्याच्या कडेला जाऊ लागली. वय अठ्ठावन्न, शुगर जुनी. थांबवलं तर अंग थरथरतंय, बोटं वळेनात, बोलणं जड. कोणीतरी हसून म्हणालं, "दादांनी थर्टी फर्स्ट केला वाटतं!" दादांनी थेंबही घेतला नव्हता. इन्सुलिन टोचून ते नुसत्या बिनसाखरेच्या चहावर निघाले होते. आम्ही त्यांना वाऱ्याच्या आडोशाला बसवलं, साखरेचं पाणी पाजलं, वर पोळी-भाजी खाऊ घातली. थोड्या वेळाने माणूस ताळ्यावर आला. आधी का नाही सांगितलं, असं विचारल्यावर म्हणाले, "माझ्यामुळे सगळ्यांना उशीर झाला असता."

हा संकोच थंडीपेक्षा वाईट. म्हणून हा लेख.

गाडीवर थंडी जास्त का लागते?

हवा 10 अंश असेल आणि गाडी ताशी 60 ने चालली असेल, तर उघड्या अंगाला ती 5 अंशांसारखी लागते. वारा अंगाची ऊब ओढून नेतो. ऊब वाचवायला शरीर कातडीच्या रक्तवाहिन्या आवळतं. त्यामुळे बीपी वाढतं आणि हृदयावर ताण येतो. वय वाढलं की अंगात ऊब कमी तयार होते आणि तहानही कमी लागते. जुन्या शुगरमध्ये पाय बधिर होतात, त्यामुळे पाय गारठला किंवा सायलेन्सरने भाजला तरी कळत नाही.

ओळखायचं कसं?

अंग गारठणं आणि शुगर उतरणं, दोन्ही सारखंच दिसतं : थरथर, बोबडं बोलणं, गोंधळ, चिडचिड, झोप. लोकांना वाटतं माणूस प्यायलाय. अशा वेळी गाडी थांबवा, आडोशाला न्या, ओले कपडे बदला, चादर गुंडाळा. माणूस शुद्धीवर असेल आणि नीट गिळत असेल तर साखरेचा कोमट चहा किंवा साखरेचं पाणी द्या. दोन्हींत त्याने फायदाच होतो. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर झोपवा आणि 108 ला फोन करा. बधिर हातपाय जोरात चोळू नका, शेकोटीला अगदी जवळ धरू नका.

छातीवर दाब, हातात किंवा जबड्यात कळ, थंडीतही दरदरून घाम, दम लागणं, ही हार्ट अटॅकची लक्षणं. शुगरवाल्यांना आणि बायकांना कधीकधी छातीत दुखतच नाही, नुसती मळमळ आणि घाम येतो. ॲसिडिटी म्हणून सोडा पाजत बसू नका. गाडीच्या मागे बसवूनही नेऊ नका. 108 बोलवा.

निघण्याआधी

- बीपीची गोळी चुकवू नका. लघवी लागते म्हणून काही जण गोळी आणि पाणी दोन्ही टाळतात. त्यापेक्षा दोन ठिकाणी जास्त थांबा.
- जेवण समोर असल्याशिवाय इन्सुलिन घेऊ नका. खिशात साखर किंवा गूळ ठेवा.
- आत सुती बनियन, वर स्वेटर, त्यावर पावसाळी रेनकोट. वारा अडवायला महागडं जॅकेटच हवं असं नाही. छातीवर वर्तमानपत्राची घडी ठेवली तरी फरक पडतो.
- हातमोजे, पायमोजे हवेतच. मफलर, ओढणी, पदर चाकात जाणार नाही असा खोचून घ्या.
- "थोडी घेतली की ऊब येते" हे खोटं. दारूने कातडी गरम वाटते, पण आतली ऊब बाहेर निघून जाते.
- सिकलसेलचा आजार असणाऱ्यांनी गाडीवर येऊ नये. विदर्भातल्या आपल्या घरांत हा आजार बराच आहे. थंडी आणि कमी पाणी यांनी दुखण्याचा झटका येऊ शकतो. त्यांनी एसटीने यावं, गरम कपडे आणि पाणी सोबत ठेवावं.

वाटेत

दर 40-50 किलोमीटरला सगळ्यांनी थांबायचं, कोणाला गरज असो वा नसो. मग "माझ्यासाठी थांबा" असं कोणाला म्हणावं लागत नाही. सगळ्यात हळू चालवणाऱ्याला पुढून दुसरा ठेवा. मागे बसणाऱ्याला हालचाल नसते, तो लवकर गारठतो आणि पेंगतो. त्याच्याशी बोलत राहा. त्या दिवशी वाहनं लांबच थांबवतात, पुढे चालावं लागतं. तेवढी ताकद शिल्लक ठेवा.

यंदा आम्ही ऊन पडल्यावर निघणार आहोत. दुपारी पोचलो तरी मानवंदना तितकीच मोलाची. गेलेले सगळे धडधाकट घरी परतले पाहिजेत. दादाही येणार आहेत, नाश्ता करून.

जयभीम.