तिसऱ्या किलोवॉटपाशी थांबणारे अनुदान

फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर : मुफ्त बिजली योजने’त पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी 30,000 रुपये अनुदान मिळते, तिसऱ्याला 18,000 आणि चौथ्याला काहीच नाही. संच 3 किलोवॉटचा असो की 10 चा, रक्कम 78,000 च्या वर जात नाही. एक कोटी घरे गाठायची तर पैसा छोट्या छतांकडेच वळायला हवा, हा त्यामागचा विचार. तो योग्यच आहे.

पण छोट्या छताचे गणित वेगळे असते. आपल्याकडच्या उन्हात 1 किलोवॉटचे पॅनेल दिवसाला साधारण 4 युनिट वीज देते, मग ते बंगल्यावर असो की दोन खोल्यांच्या घरावर. फरक पडतो तो वाचलेल्या युनिटच्या किमतीत. महावितरणच्या घरगुती दरांत 100 युनिटपर्यंतचा स्लॅब सर्वांत स्वस्त, तर 300 च्या वरच्या युनिटचा दर त्याच्या दुपटीहून अधिक. त्यामुळे एसी, गीझर वापरणाऱ्याचे पैसे लवकर वसूल होतात. दोन पंखे आणि टीव्ही चालवणाऱ्याला तेवढ्याच पॅनेलसाठी कितीतरी वर्षे थांबावे लागते. म्हणजे स्वस्त विजेची सवलतच सोलारच्या अनुदानाचा जोर कमी करते. धोरण आखताना ही गोष्ट सर्वांत आधी पाहायला हवी.

महाराष्ट्राने 2025 मध्ये आणलेली ‘स्मार्ट’ योजना नेमकी इथे हात घालते. दारिद्र्यरेषेखालील आणि महिन्याला 100 युनिटपेक्षा कमी वीज वापरणाऱ्या घरांना 1 किलोवॉटच्या संचासाठी केंद्राच्या 30,000 वर राज्याचीही भर मिळते.

आणखी एक अडचण वेळेची. अनुदान खात्यात जमा होते ते संच बसून सुरू झाल्यावर. तोवरचा खर्च घरानेच उभा करायचा. विनातारण कर्जाची सोय म्हणूनच अनुदानाइतकी महत्त्वाची ठरते.

पैशाखेरीज शेजारही मोजावा लागतो. ब्रायन बोलिंजर आणि केनेथ गिलिंगहॅम यांनी कॅलिफोर्नियातल्या नोंदी तपासून 2012 मध्ये दाखवले, की एखाद्या भागात आधी बसलेले संच पुढच्या घरांची सोलार घेण्याची शक्यता वाढवतात. सुरुवातीच्या काही छतांना दिलेले अनुदान त्यामुळे गल्लीभर काम करते.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांकडे मात्र स्वतःचे छतच नसते. सोसायट्यांना सामाईक दिवे, पंप, लिफ्टसाठी किलोवॉटमागे 18,000 रुपये मिळू शकतात. त्यासाठी आधी सर्वसाधारण सभेत गच्चीचा ठराव व्हावा लागतो.