सिंगापूरच्या बागेतल्या लाल बिया

आज आम्ही तुम्हाला एका बागेत घेऊन जाणार आहोत. बाग दूरची आहे, पण तिच्यातून निघालेली गोष्ट थेट आपल्या धुऱ्यापर्यंत येते.

आम्ही सहा जणी. तिघी अमरावतीच्या, दोघी अकोल्याच्या आणि एक मूर्तिजापूरच्या काकू. तीन वर्षं भिशीचे पैसे साठवले आणि सिंगापूरला जायचं ठरवलं. अमरावतीहून रात्रीच्या गाडीनं मुंबई आणि तिथून विमान. घड्याळाचे काटे अडीच तास पुढं केले की झालं सिंगापूर. उंच इमारती, बाजार, रोषणाई सगळं पाहिलं. पण मनात राहिला तो एक दिवस, वनस्पती उद्यानातला.

आधी वाटलं, बाग काय पाहायची? झोपाळे, कारंजी, बाकडी. पण वनस्पती उद्यान आणि साधी बाग यात फरक आहे. साध्या बागेत झाड शोभेसाठी असतं, इथं अभ्यासासाठी. महत्त्वाच्या झाडांपाशी पाटी असते. तिच्यावर झाडाचं शास्त्रीय नाव आणि मूळ देश लिहिलेला. आपण ज्याला बहावा म्हणतो त्याला कोणी अमलताश म्हणतं, कोणी आणखी काही. पण ‘कॅसिया फिस्टुला’ म्हटलं की जगभरच्या अभ्यासकाला तेच झाड कळतं. शिवाय अशा उद्यानात वाळवून जपलेल्या फांद्या-पानांचा मोठा संग्रह असतो. झाडांचं ते दप्तरच म्हणा.

सिंगापूरची ही बाग 1859 सालची. 2015 मध्ये युनेस्कोनं तिला जागतिक वारशाचा दर्जा दिला. पहाटे पाचला उघडते, मध्यरात्री बंद होते आणि आत जायला पैसे लागत नाहीत. फक्त ऑर्किडच्या बागेला तिकीट आहे. आम्ही सकाळी सातलाच पोचलो, कारण तिथलं ऊन अकोल्याच्या मे महिन्यासारखं भाजत नसलं तरी दमटपणा घामाघूम करतो. पाऊसही कधी येईल सांगता येत नाही. छत्री, पाण्याची बाटली आणि सपाट चप्पल एवढं हवंच.

आत शिरल्यावर एक झाड पाहून आम्ही हातच जोडले. कैलासपती! बुंध्यालाच लगडलेली गुलाबी फुलं, आत पिंड आणि वर नागाचा फणा. काकू म्हणाल्या, “महादेव इथंही आहे वं बाई!” मग पाटी वाचली. मूळ देश दक्षिण अमेरिका. आम्ही गप्पच झालो. आपल्याकडं देवळापाशी लावलेलं हे झाड मुळात समुद्रापलीकडचं! मिरचीही तिकडचीच, पोर्तुगीजांबरोबर आलेली. ठेच्याशिवाय वऱ्हाडी माणसाचं जेवण होत नाही, आणि मिरची मात्र पाहुणी.

ऑर्किडच्या बागेत आमचा सगळ्यात जास्त वेळ गेला. सिंगापूरचं राष्ट्रीय फूल एका बाईच्या नावानं आहे. ॲग्नेस जोआकिम ही तिथं राहणारी आर्मेनियन कुटुंबातली बाई. बागकामाची तिला आवड. तिच्या हातचं जांभळट-गुलाबी नवं ऑर्किड 1893 मध्ये जगापुढं आलं आणि ‘व्हँडा मिस जोआकिम’ नावानं ओळखलं जाऊ लागलं. 1981 मध्ये ते राष्ट्रीय फूल झालं. घरच्या बागेत रमणाऱ्या बाईचं नाव एका देशाच्या फुलाला! हे ऐकून आमच्यातली कुंड्यांचं वेड असलेली वहिनी दिवसभर ताठ मानेनं चालत होती.

दुपारी रबराच्या झाडाची गोष्ट कळली. रबर मूळ ब्राझीलच्या जंगलातलं. 1876 मध्ये हेन्री विकहॅम नावाच्या इंग्रजानं तिथून सुमारे 70,000 बिया लंडनच्या क्यू उद्यानात नेल्या. त्यातल्या थोड्याच उगवल्या. पुढच्या वर्षी 22 रोपं सिंगापूरला आली. या बागेचे संचालक हेन्री रिडली यांनी झाड न मारता सालीला तिरप्या चिरा देऊन चीक काढायची पद्धत बसवली. ते खिशात रबराच्या बिया घेऊन मळेवाल्यांना ‘लावा, लावा’ म्हणत हिंडायचे. लोक त्यांना वेडा रिडली म्हणायचे. पुढं मोटारी आल्या, टायर आले आणि मलायाचे मळे सोन्याच्या भावाचे झाले. ब्राझीलचा रबराचा व्यापार मात्र बसला. मूठभर बी एका देशाला उभं करतं आणि दुसऱ्याला बसवतं, हे तिथं समजलं.

आणि त्याच दिवशी आमच्यात भांडण झालं, तेही बियांवरूनच.

एका मोठ्या झाडाखाली लालचुटुक, चकचकीत बिया पडल्या होत्या. ही रतनगुंज. आपली गुंज वेगळी. ती वेलीवर येते, लाल अंगाला काळी टोपी असते आणि विषारी असते. लहान मुलांच्या हातात देऊ नये. रतनगुंज झाडावर येते, पूर्ण लाल आणि गुंजेहून मोठी. काकूंच्या आईकडं अशा बियांची डबी होती म्हणे. काकूंनी मूठभर वेचल्या आणि रुमालात बांधल्या. बाग दाखवणाऱ्या बाईंनी ते पाहिलं. त्या हसून, पण स्पष्ट म्हणाल्या की इथून पान, फूल, बी काहीही न्यायचं नाही. काकूंचा चेहरा उतरला. “पडलेलंच त् उचललं मी. चोरी थोडी केली? नातीले दाखवतो म्हटलं.” बिया त्यांनी खाली टाकल्या. पण रात्री कळलं, चार बिया पर्समध्ये तशाच होत्या.

हॉटेलच्या खोलीत दोन तट पडले. काही जणी म्हणाल्या, चार बियांनी काय होते? काही म्हणाल्या, नको. शेवटी आमच्यातल्या निवृत्त शिक्षिकेनं विचारलं, “आपल्याकडची रायमुनिया कुठून आली, माहीत आहे?”

रायमुनिया म्हणजे घाणेरी. सुंदर फुलांची म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बागेत लावायला भारतात आणलेली. आज जंगलात ती अशी पसरली आहे की खाली गवत उगवत नाही. गवत नाही तर हरणांना चारा नाही. तळी गिळणारी जलपर्णीही फुलांसाठीच आली. आणि गाजरगवत? ते कोणी हौसेनं आणलं नाही. 1950 च्या दशकात परदेशी धान्यातून त्याचं बी आलं असं मानतात. आपल्या धुऱ्यावर ते उपटता उपटता हाताला खाज सुटते, कुणाला दमा होतो. ते आणणाऱ्यानंही चार बियांनी काय होते, असंच म्हटलं असतं.

मग बाहेरचं काहीच आणू नये का? तसंही नाही. गाजरगवत खाणारा मेक्सिकन भुंगा तुम्ही शेतात पाहिला असेल. तोही परदेशीच. पण 1980 च्या दशकात तो आणला तो बंदिस्त ठेवून, आपल्या पिकांना तो त्रास देतो का ते तपासून, मगच सोडला. फरक इथंच आहे. तपासून आणलेला पाहुणा आणि पर्समधून आणलेला पाहुणा सारखे नसतात. बीसोबत कीड, बुरशी, रोग येऊ शकतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही. म्हणून भारतात 2003 पासून नियम आहे. परदेशातून बी, रोप, कंद आणायचा तर आधी परवाना आणि तिकडच्या सरकारचा रोगमुक्तीचा दाखला लागतो. करोनात माणसांना वेगळं ठेवत होते, तसंच हे झाडांचं क्वारंटाइन.

रतनगुंज आपल्या देशात आधीपासून आहे. त्या चार बियांनी कदाचित काहीच बिघडलं नसतं. पण प्रत्येकीनं ‘माझ्या चार’ म्हटलं तर कोणत्या चार बियांत काय दडलंय, हे विमानतळावरच्या माणसानं कसं ओळखावं? काकू बराच वेळ बोलल्या नाहीत. सकाळी उठून त्यांनी स्वतःच आम्हाला बागेकडं चलायला लावलं आणि बिया त्याच झाडाखाली ठेवल्या. नातीसाठी बागेच्या दुकानातून सोन्याचा मुलामा दिलेलं ऑर्किडचं फूल घेतलं. आमच्यातल्या कोणीही त्यांना पुन्हा त्यावरून चिडवलं नाही.

तर मैत्रिणींनो, परदेशात बाग पाहायला गेलात तर तीन गोष्टी करा. फोटो झाडाचा काढा तसा पाटीचाही काढा, म्हणजे घरी आल्यावर नाव सापडतं. एकाच दिवसात सगळं पाहायचा हट्ट करू नका. तीन-चार भाग निवडा. आणि निघताना चपलेची माती झटका, पर्स तपासा.

जाणं जमलं नाही तरी बिघडत नाही. अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात नागार्जुन वनौषधी उद्यान आहे. वेळ विचारून घ्या आणि मुलांना घेऊन जा. कोलकात्याजवळ शिबपूरला 1787 सालचं वनस्पती उद्यान आहे, सिंगापूरच्या बागेपेक्षाही जुनं. आम्ही परत आल्यावर आमच्या गल्लीतल्या झाडांना पाट्या लावायला घेतल्या. कडुनिंब, पळस, बहावा. वर मराठी नाव, खाली शास्त्रीय. पाटी झाडाला खिळ्यानं ठोकली नाही, दोरीनं सैल बांधली. शाळेतली मुलं थांबून वाचतात.

आणि काकू? त्यांना इथल्याच एका रोपवाटिकेत रतनगुंजेचं रोप मिळालं. मूर्तिजापूरच्या अंगणात ते आता कमरेएवढं झालं आहे. लाल बिया यायला बरीच वर्षं लागतील. काकू म्हणतात, “येतीन ना बाप्पा, नात लहानच हाय अजून.”