ताटकळलेला प्रोसेसर

शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये एखादा पीसी रुसला, पडद्यावरचं निळं चक्र नुसतंच गरगरत राहिलं, की मागून कुणीतरी हमखास निदान करतं, "सर, याचा प्रोसेसर जुना झालाय!" बिचारा प्रोसेसर! बऱ्याचदा त्याची काहीच चूक नसते. त्याला हवी असलेली माहितीच अजून त्याच्यापर्यंत पोचलेली नसते.

त्याचा वेग तर बघा. 3 गिगाहर्ट्‌झचा प्रोसेसर म्हणजे ज्याच्या आतलं घड्याळ सेकंदाला 300 कोटी ठोके देतं. साधी बेरीज एका ठोक्यात उरकते. 1971 मध्ये इंटेलचा 4004 नावाचा मायक्रोप्रोसेसर बाजारात आला, तेव्हा त्याचे ठोके होते सेकंदाला जेमतेम 7 लाख 40 हजार. तरी त्या काळी लोकांनी तोंडात बोटं घातली होती.

आता दप्तरातली 30 सेंटिमीटरची पट्टी काढा. एका सेकंदाचे 100 कोटी तुकडे केले, तर एक तुकडा म्हणजे एक नॅनोसेकंद. एवढ्या वेळात प्रकाश या पट्टीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला पोचतो, बस्स. (अमेरिकी नौदलातल्या संगणकतज्ज्ञ ग्रेस हॉपर भाषणाला जाताना तेवढ्याच लांबीचे तारेचे तुकडे घेऊन जात आणि नॅनोसेकंद म्हणून श्रोत्यांना वाटत! असे पाहुणे आपल्याही शाळेत यायला हवेत.) पण प्रकाश पट्टी ओलांडेपर्यंत आपल्या प्रोसेसरचे तीन ठोके पडून गेलेले असतात. प्रकाशाच्या पुढे तर कुणालाच धावता येत नाही. म्हणजे माहिती वीतभर लांब ठेवली, तरी प्रोसेसरच्या दृष्टीने ती परगावीच.

किती परगावी? एक गंमत करू. प्रोसेसरचा एक ठोका ताणून एका सेकंदाएवढा करू आणि बाकी सगळं त्याच मापाने ताणू. प्रोसेसरच्या पोटातच एक छोटीशी मेमरी असते, तिला कॅश म्हणतात. तिथला आकडा चार-पाच सेकंदांत हातात येतो. रॅममधून मागवला तर चार-पाच मिनिटं. एसएसडीतून मागवला तर साडेतीन दिवस! आणि जुन्या पद्धतीच्या, गरगर फिरणाऱ्या हार्ड डिस्कमधून? तिची तबकडी मिनिटाला 7200 फेरे घेते, तरी वाचणारा दांडा जागेवर सरकेपर्यंत आणि तबकडीचा नेमका भाग त्याच्याखाली येईपर्यंत सेकंदाचा सुमारे शंभरावा भाग जातो. आपल्या मापात ते भरतात जवळजवळ 3 कोटी सेकंद. या दिवाळीला मागितलेला आकडा पुढच्या दिवाळीला मिळणार! तोवर प्रोसेसर दुसरं एखादं काम हातात घेतो म्हणा, पण तुम्ही ज्यासाठी खोळंबलात ते काम मात्र अडलेलंच.

मग सगळीच मेमरी कॅशसारखी का नाही बनवत? कारण कॅशमध्ये एकेका बिटसाठी, म्हणजे एका 0 किंवा 1 साठी, सहसा सहा-सहा ट्रान्झिस्टर लागतात. जागा फार आणि किंमतही फार. रॅममध्ये एका बिटला एक ट्रान्झिस्टर आणि एक इवलासा कपॅसिटर पुरतो. त्यात विजेचा भार असला की 1, नसला की 0. स्वस्त आणि आटोपशीर! पण हा भार सारखा गळत असतो. म्हणून रॅममधली प्रत्येक ओळ साधारण 64 मिलिसेकंदांच्या आत पुन्हा भरावी लागते. शिवाय वाचायला गेलं की भार निघूनच जातो, म्हणजे वाचून झाल्यावर पुन्हा लिहा! इतक्या उठाठेवी केल्यावर उशीर होणारच.

कॅश मात्र भलती चतुर. तुम्ही रॅममधला एकच बाइट मागितलात, तरी ती आजूबाजूचे मिळून बहुधा 64 बाइट उचलून आणते. आत्ता हा लागला, तर पुढच्या क्षणी शेजारचा लागेल, हा तिचा अंदाज. आणि तो बहुतेक वेळा खरा ठरतो.

खरी पंचाईत होते ती रॅम भरल्यावर. ब्राउझरच्या तीस टॅब, एक गेम, वर गाणी. जागा संपली की विंडोज रॅममधला काही मजकूर डिस्कवर नेऊन ठेवतं आणि लागला की परत आणतं. म्हणजे पाच मिनिटांच्या कामाला आता साडेतीन दिवस, नाहीतर वर्ष. निळं चक्र गरगरतं ते अनेकदा या ने-आणीमुळे.

खात्री करायची असेल, तर सरांना विचारून कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्स निवडा. सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, 9 टक्क्यांवर, मेमरी 96 वर आणि डिस्क 100 वर दिसली, तर नको असलेल्या टॅब बंद करत जा आणि डिस्कचा आकडा कसा उतरतो ते बघत राहा. अशा पीसीला रॅम वाढवून दिली की तो सुटतो. उलट व्हिडिओ तयार करताना सीपीयू 100 वर आणि मेमरी निम्मी मोकळी दिसली, तर कितीही रॅम घाला, काडीचाही फरक पडणार नाही.