सूक्ष्मप्लॅस्टिकचे प्रदूषण : उपाय उद्योगाच्या दारातच

सागरी प्रदूषणाचा विचार करताना नजरेसमोर येतात ती बंदरे आणि किनारे. प्रत्यक्षात समुद्रात पोहोचणाऱ्या प्लॅस्टिकचा मोठा भाग जमिनीवरून, गटारे, नाले व नद्यांच्या मार्गाने जातो. छत्तीसगडमधील भिलाई हे शहर समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर आहे. मात्र त्याच्या पश्चिमेला शिवनाथ व पूर्वेला खारून नदी वाहते. खारून शिवनाथला, शिवनाथ महानदीला मिळते आणि महानदी हिराकुड जलाशयातून पुढे बंगालच्या उपसागरास मिळते. त्यामुळे भिलाई-दुर्ग परिसरातील कारखान्याच्या आवारात सांडलेला प्लॅस्टिकचा दाणा पावसाच्या पाण्याबरोबर नाल्यात गेला, तर त्याचा पुढचा मार्ग ठरलेलाच असतो. या प्रदूषणाला आळा घालण्यात प्लॅस्टिक उद्योग कोणता वाटा उचलू शकतो, हा प्रश्न म्हणूनच केवळ किनारपट्टीचा राहत नाही.

संकल्पना आणि व्याख्या

ब्रिटनमधील प्लिमथ विद्यापीठाचे सागरी जीवशास्त्रज्ञ रिचर्ड थॉम्पसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधामुळे ‘सूक्ष्मप्लॅस्टिक’ ही संज्ञा रूढ झाली. पाच मिलिमीटरपेक्षा लहान प्लॅस्टिककणांना सामान्यतः सूक्ष्मप्लॅस्टिक म्हटले जाते. त्याचे दोन प्रकार आहेत. जे कण मुळातच लहान आकारात तयार होतात किंवा वस्तूच्या वापरात झिजून थेट बाहेर पडतात, ते प्राथमिक. उदाहरणार्थ, कच्च्या मालाचे दाणे, सौंदर्यप्रसाधनांतील मणी, कृत्रिम कपड्यांचे तंतू, टायरची झीज. मोठ्या वस्तूंचा कचरा ऊन, वारा व घर्षणाने तुटून जे कण निर्माण होतात, ते दुय्यम. सूर्याच्या अतिनील किरणांमुळे बहुवारिकांच्या लांब साखळ्या तुटतात व वस्तू ठिसूळ होते. ती नाहीशी होत नाही. तिचे तुकडे मात्र वाढत जातात.

भारतात प्लॅस्टिक कचरा व्यवस्थापन नियमांच्या २०२४ मधील दुरुस्तीने सूक्ष्मप्लॅस्टिकची व्याख्या केली. त्यानुसार पाण्यात न विरघळणारा, एक ते एक हजार मायक्रॉन आकाराचा घन प्लॅस्टिककण म्हणजे सूक्ष्मप्लॅस्टिक. एक हजार मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर. कारखान्यात येणारा दाणा साधारणतः दोन ते पाच मिलिमीटरचा असतो. म्हणजे आंतरराष्ट्रीय वापरानुसार तो सूक्ष्मप्लॅस्टिक ठरतो, पण भारतीय नियमांतील व्याख्येत बसत नाही. हा फरक परीक्षार्थींनी लक्षात ठेवण्याजोगा आहे आणि धोरणकर्त्यांनीही.

दाण्याचा प्रवास

पेट्रोरसायन कारखान्यात तयार झालेले पॉलिथिलीन, पॉलिप्रॉपिलीन इत्यादी बहुवारिक दाण्यांच्या रूपात विकले जाते. भारतात ते बहुधा २५ किलोच्या पोत्यांतून लघुउद्योगांपर्यंत पोहोचते. एका दाण्याचे वजन सुमारे २५ मिलिग्रॅम धरले, तर अशा एका पोत्यात सुमारे १० लाख दाणे भरतात. पोते हुकाने ओढताना फाटते, मालमोटारीतून उतरवताना सांडते, यंत्राच्या हॉपरमध्ये ओतताना चार मुठी बाहेर पडतात. झाडणीने ते गटाराकडे लोटले जातात. पॉलिथिलीन व पॉलिप्रॉपिलीन पाण्यापेक्षा हलके असल्याने हे दाणे तरंगत दूरवर जातात. मासे व पक्षी त्यांना अन्न समजून गिळतात.

मोठ्या अपघातांनी हा धोका जगासमोर आणला. २०२१ साली कोलंबोजवळ ‘एक्स-प्रेस पर्ल’ या जहाजाला आग लागून सुमारे १,६८० टन दाणे समुद्रात पडले. मे २०२५ मध्ये केरळच्या किनाऱ्याजवळ ‘एमएससी एल्सा ३’ हे जहाज बुडाल्यानंतर तिरुवनंतपुरमच्या किनाऱ्यांवर दाण्यांचा थर आला. जहाज बुडाले की बातमी होते. हजारो लहान कारखान्यांच्या दारातून रोज मूठमूठ सांडणाऱ्या दाण्यांची नोंद मात्र कोठेच होत नाही.

आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या २०१७ च्या अहवालानुसार, समुद्रात जाणाऱ्या प्राथमिक सूक्ष्मप्लॅस्टिकमध्ये कृत्रिम कपड्यांच्या धुलाईचा वाटा सुमारे ३५ टक्के, तर टायरच्या झिजेचा सुमारे २८ टक्के आहे. या तुलनेत दाण्यांचा वाटा अल्प आहे. तरीही त्यांना प्राधान्य द्यावे लागते. झिजणारा टायर कोट्यवधी वाहनांवर फिरत असतो, दाणा मात्र मोजक्या आवारांत हाताळला जातो. शिवाय सांडलेला दाणा हा उद्योजकाचा पैसे मोजून घेतलेला कच्चा माल असतो. तो वाचवण्यात निसर्गाचे व उद्योगाचे हित एकच आहे.

उद्योगाने करावयाचे उपाय

पहिला उपाय गळती रोखण्याचा. अमेरिकेतील प्लॅस्टिक उद्योगाने १९९१ साली ‘ऑपरेशन क्लीन स्वीप’ हा स्वेच्छा उपक्रम सुरू केला. त्यातील सूचना साध्या आहेत : माल उतरवण्याच्या जागी ताडपत्री अंथरणे, पोती हुकाने न ओढणे, सांडलेले दाणे पाण्याने न धुता निर्वात यंत्राने गोळा करणे, गटाराच्या तोंडावर बारीक जाळी बसवणे आणि कामगारांना प्रशिक्षण देणे. यांपैकी बहुतेक गोष्टी लघुउद्योगालाही परवडतात.

दुसरा उपाय रचनेतील बदलाचा. उन्हात राहणाऱ्या पाण्याच्या टाक्या, पाइप व शेतातील आच्छादन-कागद यांत काजळी किंवा प्रकाश-स्थिरकारके योग्य प्रमाणात मिसळल्यास वस्तू लवकर ठिसूळ होत नाही. धान्याच्या विणलेल्या पोत्यांनाही हेच लागू पडते. धानाच्या सरकारी खरेदीत तागाचा बारदाना अपुरा पडला की प्लॅस्टिकची पोती वापरली जातात. ती खरेदी केंद्रांवर उघड्यावर उन्हात राहिल्यास त्यांचे धागे सुटतात व भुगा होतो. ‘विघटनशील’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही पिशव्या केवळ लवकर तुकडे होणाऱ्या असतात. २०२४ च्या दुरुस्तीने जैवविघटनशील प्लॅस्टिकने सूक्ष्मप्लॅस्टिक मागे ठेवता कामा नये, अशी अट घातली आहे.

तिसरा उपाय हेतुपुरस्सर वापर थांबवण्याचा. अमेरिकेने २०१५ साली कायदा करून धुऊन टाकावयाच्या प्रसाधनांतील प्लॅस्टिक मण्यांवर बंदी आणली. युरोपीय संघाने २०२३ मध्ये मुद्दाम मिसळल्या जाणाऱ्या सूक्ष्मप्लॅस्टिकवर व्यापक निर्बंध घातले.

पुनर्चक्रणाची दुसरी बाजू

पुनर्चक्रण आवश्यक आहे, पण ते आपोआप निर्दोष ठरत नाही. भंगारातील प्लॅस्टिक दळताना व धुताना बारीक कण पाण्यात मिसळतात. ब्रिटनमधील एका पुनर्चक्रण केंद्राचा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. तेथे गाळणी बसवण्यापूर्वी आलेल्या प्लॅस्टिकच्या १३ टक्क्यांपर्यंत भाग धुलाईच्या पाण्यातून बाहेर जाऊ शकत होता. गाळणीनंतर हे प्रमाण ६ टक्क्यांवर आले. गाळणीने गळती निम्म्याहून कमी झाली, पण ती थांबली नाही. म्हणून धुलाईचे पाणी बंद चक्रात पुन्हा वापरणे, निवळण टाकी ठेवणे व साचलेल्या गाळाची योग्य विल्हेवाट लावणे, या गोष्टी पुनर्चक्रण उद्योगाच्या मूळ खर्चातच धरल्या पाहिजेत.

भिलाईचा धडा

भिलाई पोलाद प्रकल्पाची पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली. लोहखनिजापासून लोखंड काढताना उरणारी मळी, म्हणजे स्लॅग, एकेकाळी केवळ टाकाऊ मानली जाई. नंतर ती सिमेंटचा कच्चा माल बनली. जवळच्या जामूल येथील सिमेंट कारखान्याने तिचा उपयोग केला. उपपदार्थाला किंमत मिळाली की त्याची हाताळणी काटेकोर होते, हा या अनुभवाचा अर्थ आहे.

पुनर्चक्रण न होऊ शकणाऱ्या प्लॅस्टिकसाठीही असे मार्ग आहेत. सिमेंटच्या भट्टीत १,४०० अंश सेल्सियसहून अधिक तापमानाला ते इंधन म्हणून जाळता येते. जपानमधील एनकेके कंपनीच्या केइहिन कारखान्यात १९९६ पासून टाकाऊ प्लॅस्टिक झोतभट्टीत क्षपणकारक म्हणून सोडले गेले. क्लोरीनयुक्त पीव्हीसी मात्र आधी वेगळे काढावे लागते. प्लॅस्टिक जाळल्याने कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, त्यामुळे हा अखेरचा पर्याय ठरतो. पोलाद व सिमेंट दोन्ही शेजारी असलेल्या भिलाईसारख्या ठिकाणी त्याचा अभ्यास उपयुक्त आहे.

नियमन व खर्चाचा प्रश्न

भारतात २०१६ चे प्लॅस्टिक कचरा व्यवस्थापन नियम, १ जुलै २०२२ पासून काही एकदाच वापरावयाच्या वस्तूंवर आलेली बंदी आणि फेब्रुवारी २०२२ मधील विस्तारित उत्पादक उत्तरदायित्वाची मार्गदर्शक तत्त्वे ही चौकट उपलब्ध आहे. मात्र हे उत्तरदायित्व मुख्यतः वेष्टनांच्या वजनावर मोजले जाते. सांडलेला दाणा त्या हिशेबात येत नाही. ही उणीव भरून काढण्यास नव्या कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही. १९७४ च्या जलप्रदूषण प्रतिबंध कायद्यान्वये कारखान्यांना राज्य मंडळाची संमती घ्यावी लागते. छत्तीसगड पर्यावरण संरक्षण मंडळासारख्या संस्थांनी या संमतिपत्रात गटारावरील जाळी, बंद साठवण आणि दाण्यांच्या आवक-जावकीची नोंद या तीन अटी घातल्या, तर सुरुवात होऊ शकेल. लघुउद्योगांवर खर्चाचा बोजा पडू नये म्हणून औद्योगिक वसाहतीच्या सामाईक नाल्यावर एकच मोठी गाळणी बसवणे व्यवहार्य ठरते.

आंतरराष्ट्रीय पातळीवर मार्च २०२२ मध्ये नैरोबी येथे प्लॅस्टिक प्रदूषणविरोधी कराराचा ठराव झाला. ऑगस्ट २०२५ मधील जिनिव्हा येथील वाटाघाटी सहमतीविना संपल्या. दरम्यान २०२२ साली नेदरलँड्समधील संशोधकांना २२ पैकी १७ रक्तदात्यांच्या रक्तात प्लॅस्टिकचे कण आढळले. त्यांच्या आरोग्यावरील परिणामांचे संशोधन अजून सुरू आहे. पण नदीत एकदा गेलेला कण परत गोळा करण्याचे व्यवहार्य साधन आज उपलब्ध नाही. शिवनाथच्या पाण्यावर शेती व मासेमारी करणाऱ्याने ही किंमत मोजायची, की आवाराच्या दारात जाळी बसवून उद्योगाने ती टाळायची, असा हा प्रश्न आहे. यांतील दुसरा मार्ग निःसंशय स्वस्त आहे आणि न्याय्यही.