मनाचा आजार, हृदयाला धोका

स्किझोफ्रेनिया, बायपोलरसारखे गंभीर मानसिक आजार आयुष्यातली सरासरी १० ते २० वर्षं हिरावतात. आत्महत्या हे त्याचं एक कारण. पण बहुतेक मृत्यू हृदयविकार, मधुमेह, श्वसनविकारांनी होतात. या आजारांवरच्या ओलान्झापिन, क्लोझापिनसारख्या गोळ्यांनी भूक वाढते, वजन आणि साखर चढते. त्यात बिडी-सिगारेटची भर. छातीत दुखतंय म्हटलं, तर ‘डोक्यातलंच असेल’ म्हणून तक्रार झटकली जाते. शिवाय बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने केलेल्या २०१५-१६च्या राष्ट्रीय पाहणीत अशा १०० रुग्णांपैकी ७०हून अधिक उपचारांबाहेरच आढळले. गोळ्यांचे दुष्परिणाम असले, तरी त्या परस्पर बंद करू नका. त्यांच्याबरोबर वजन, कंबरेचा घेर, रक्तदाब आणि साखरही नियमित तपासून घ्या.