कासवीची दृष्टी

कासवी आपल्या पिलांना नुसत्या दृष्टीने पोसते, हा दृष्टांत आपण कीर्तनातून ऐकत आलो आहोत. मायेची थोरवी सांगण्यास तो सुंदर आहे. परंतु समुद्रातील कासवीचे चरित्र पाहू लागलो म्हणजे निराळीच हकीकत हाती येते. ती रात्री किनाऱ्यावर येते, मागच्या पायांनी खड्डा करते, अंडी घालून वर वाळू लोटते आणि निघून जाते. पिलांचे तोंड ती पाहत नाही. त्यांना उबवते ती वाळू.

सर्व कासवांत मोठे ते ‘लेदरबॅक’, म्हणजे चामडी पाठीचे कासव. याच्या पाठीवर कठीण ढाल नसते. सात उभे कंगोरे असलेली जाड कातडी असते. १९८८ साली वेल्सच्या किनाऱ्याला लागलेला एक नर ९१६ किलो भरला. एवढा देह पोसला जातो तो मुख्यतः जेलीफिशवर! म्हणूनच तरंगणारी प्लॅस्टिकची पिशवीही त्याला भक्ष्य वाटते आणि पोटात जाऊन घात करते.

मलेशियात तेरेंगानू राज्यातील रांताऊ आबांग येथे १९५० च्या दशकात या कासवांची वर्षाला सुमारे १०,००० घरटी होत. अंडी लोक काढीत, विकीत व खात. १९६० च्या दशकात काही अंडी कुंपणात पुरून जपण्याची व्यवस्था झाली. हेतू चांगला होता. पण पिलू नर की मादी हे वाळूच्या उष्णतेवर ठरते. वाळू फार तापली की माद्याच निपजतात. तेथे पुढे नेमके तेच घडले. शिवाय मोठी कासवे समुद्रात कोळ्यांच्या जाळ्यांत गुदमरत होतीच. कारण त्यांना श्वासासाठी वर यावेच लागते. आज तेथे हे कासव जवळजवळ नाहीसे झाले आहे.

आपल्या देशात ग्रेट निकोबारच्या गॅलॅथिया उपसागरावर ते अजून अंडी घालते. २००४ च्या त्सुनामीने तेथील वाळू वाहून नेली. समुद्रानेच ती पुन्हा आणून टाकली आणि कासवेही परतली. २०२१ साली मात्र बंदराच्या योजनेसाठी त्या जागेचा अभयारण्याचा दर्जा काढण्यात आला. लाटेने नेलेली वाळू परत येते. धक्क्याखाली गेलेली येईल काय?

श्रोतेहो, कासवी वाळूवर भरवसा ठेवून निघून जाते. मागे पाहण्याचे काम उरते ते आपल्याकडे. नुसती अंडी मोजून ते भागणार नाही. वाळूची ऊब, समुद्रातली जाळी आणि आपण फेकलेली पिशवी, या सर्वांवर आपली दृष्टी हवी.