पट मोजून येणारा निधी आणि फडावर जाणारी मुले

धाराशिव : सप्टेंबर महिना संपत आला, की जिल्हा परिषदेच्या शाळांत मुख्याध्यापकांची लगबग सुरू होते. शाळेचा पट, शिक्षक, वर्गखोल्या, स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी अशी सारी माहिती 'यू-डायस' प्रणालीत भरायची असते आणि त्यासाठी ३० सप्टेंबर ही संदर्भतारीख वर्षानुवर्षे मानली गेली आहे. केंद्र सरकारच्या 'समग्र शिक्षा' योजनेतून येणाऱ्या निधीचे गणित याच माहितीवर बेतले जाते. भूम, वाशी, कळंब, परंडा या तालुक्यांतील अनेक शाळांत मात्र हे गणित महिना-दीड महिन्यातच जुने होते. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू होतो, मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात आणि त्यांच्याबरोबर पटावरची मुलेही गाव सोडतात.

केंद्राच्या शैक्षणिक निधीशी या जिल्ह्याचा संबंध जुना आहे. १९९४ मध्ये जागतिक बँकेच्या साह्याने जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा राज्यातील पहिल्या पाच जिल्ह्यांत तत्कालीन उस्मानाबादचा समावेश होता. ज्या जिल्ह्यांत स्त्रियांच्या साक्षरतेचे प्रमाण राष्ट्रीय सरासरीहून कमी, ते जिल्हे आधी घ्यावेत, हा त्या निवडीचा एक प्रमुख निकष होता. खर्चाचा ८५ टक्के वाटा केंद्राचा आणि १५ टक्के राज्याचा. पुढे २००१ पासून सर्व शिक्षा अभियान देशभर लागू झाले आणि केंद्राचा वाटा टप्प्याटप्प्याने उतरत २०१५-१६ पासून ६० टक्क्यांवर आला. २०१८-१९ मध्ये हे अभियान, माध्यमिक शिक्षा अभियान आणि शिक्षक प्रशिक्षण या योजना एकत्र करून 'समग्र शिक्षा' आकाराला आली. शिक्षकांच्या वेतनाचा मोठा भार राज्य सरकारच उचलते. केंद्राचा निधी प्रामुख्याने त्यापलीकडच्या गरजांसाठी असतो.

अमेरिकेत १९६५ च्या कायद्यानुसार केंद्रीय शिक्षण निधीचे वाटप गरीब कुटुंबांतील मुलांची संख्या पाहून केले जाते. आपल्याकडे तो बाबनिहाय येतो आणि त्यातील बऱ्याच बाबी पटसंख्येशी बांधलेल्या आहेत. संयुक्त शाळा अनुदानाचेच उदाहरण घ्यावे. २०२१ च्या सुधारित निकषांनुसार ३० पर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला १० हजार रुपये, ३१ ते १०० पटाच्या शाळेला २५ हजार, तर १०१ ते २५० पटाला ५० हजार रुपये मिळतात. त्यातील किमान दहा टक्के रक्कम स्वच्छतेवर खर्च करणे बंधनकारक आहे. म्हणजे तीस मुलांच्या वस्तीवरील शाळेला महिन्याकाठी जेमतेम ८३३ रुपये. खडू, नोंदवह्या, किरकोळ दुरुस्ती आणि वीजबिल हे सारे त्यातच. पटावर एकतिसावे मूल आले, की हीच रक्कम १५ हजारांनी वाढते. मुख्याध्यापक एकेका नावासाठी का धडपडतात, ते यावरून ध्यानात यावे.

गणवेशाचा हिशेब वेगळा. पहिली ते आठवीच्या सर्व मुली, तसेच अनुसूचित जाती, जमाती आणि दारिद्र्यरेषेखालील मुलगे यांना दोन गणवेशांसाठी वर्षाला ६०० रुपये, असा केंद्राचा निकष आहे. उरलेल्या मुलग्यांचा भार राज्याने २०२३ पासून स्वतःच्या तिजोरीतून उचलला. २०२४-२५ मध्ये कापडखरेदी राज्य पातळीवरून झाली. वर्ष सरत आले तरी अनेक शाळांत गणवेश पोहोचले नव्हते. अखेर डिसेंबर २०२४ मध्ये हे अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे सोपविण्याचा निर्णय झाला.

निधी येण्याची वाटही आता बदलली आहे. पूर्वी रक्कम समितीच्या बँक खात्यात पडून राहत असे. २०२१ पासून राज्यासाठी एकच मध्यवर्ती खाते ठेवण्यात आले आणि शाळांची खाती शून्य शिलकीची झाली. शाळेला पैसे नव्हे, तर खर्चाची मर्यादा मिळते. पडून राहणारा पैसा यामुळे दिसू लागला, हे खरेच. परंतु ही मर्यादा फेब्रुवारी-मार्चमध्ये हाती आली, तर समितीला खरेदी, देयके आणि ऑनलाइन नोंदी आर्थिक वर्ष संपण्याच्या आत उरकाव्या लागतात.

ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी या साऱ्या व्यवस्थेतील सर्वांत मोलाची बाब म्हणजे हंगामी वसतिगृह. नाव वसतिगृह असले, तरी बहुतेक ठिकाणी स्वतंत्र इमारत नसते. मूल गावातच आजी-आजोबांकडे किंवा नातेवाइकांकडे राहते आणि शाळा व्यवस्थापन समिती त्याच्या सकाळ-संध्याकाळच्या जेवणाची सोय करते. स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांचे सर्वेक्षण, शाळेचा प्रस्ताव, केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी, जिल्हा परिषद असा या फाइलीचा प्रवास असतो. येथे वेळेलाच सर्वाधिक महत्त्व आहे. मंजुरी दिवाळीपूर्वी आली, तर आई-वडील मूल ठेवून जाण्यास राजी होतात. नंतर आली, तर गाड्या निघून गेलेल्या असतात.

गेलेल्या मुलासाठी शिक्षण हमी कार्डाची तरतूद आहे. ते दाखवून मुलाने मुक्कामाच्या ठिकाणच्या शाळेत बसावे, अशी अपेक्षा असते. शिक्षणहक्क कायद्यानुसार त्याला वयानुरूप वर्गात प्रवेश नाकारता येत नाही. फड कर्नाटकात असेल, तर मात्र जवळची शाळा बहुधा कन्नड माध्यमाची निघते. शिवाय त्या शाळेचे वर्षाचे अनुदान मूल तेथे पोहोचण्याआधीच्या पटावर ठरलेले असते.

राज्य सरकारने २०२१ मध्ये दहा जिल्ह्यांतील ४१ तालुक्यांत ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी ८२ शासकीय वसतिगृहांची योजना जाहीर केली. त्यात या जिल्ह्याचाही समावेश आहे. ही योजना थोड्या मोठ्या मुलांसाठी असून तिचा निधी राज्याचा आहे. २०१८ मध्ये 'आकांक्षित' जिल्ह्यांच्या यादीत नाव आल्याने केंद्राच्या योजनांत जिल्ह्याला अग्रक्रम मिळाला. परंतु त्या कार्यक्रमाचा भर असलेल्या योजनांची सांगड घालण्यावर आहे, मोठ्या स्वतंत्र निधीवर नव्हे.

हंगामी वसतिगृहाच्या यादीत नाव लागते ते शाळेच्या वयाच्या मुलाचे. वर्षा-दीड वर्षाचे भावंड आईबरोबर फडावर जाते आणि दिवसभर त्याला सांभाळायला कोणीतरी लागते. अशा घरातील आठ-नऊ वर्षांच्या मुलीचे नाव यादीत असले, तरी गाडीत बसताना ती बरोबर असते. तान्ह्या भावंडाच्या गावातील संगोपनासाठी हंगामी वसतिगृहाच्या अनुदानात तरतूद नाही.